म्हातारा कुत्रा आणि गुळगुळीत फरशी

२०२०च्या टाळेबंदीत आपल्या शहरांतल्या कितीतरी घरांत पिल्लं आली. मुलं घरात कोंडलेली, आईबाबा लॅपटॉपसमोर अडकलेले, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून टाळलेला हट्ट एकदाचा पुरा झाला. त्यातले लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड आता उतारवयाला लागले आहेत. घरच्यांना ते पटत नाही, त्यांच्या लेखी तो अजून ‘बाळ’च असतो. पण मोठ्या चणीच्या कुत्र्याला सहा-सात वर्षांनंतर पशुवैद्य ज्येष्ठांत धरतात, ग्रेट डेनसारख्या धिप्पाड जातीला त्याही आधी. पॉमेरेनियन मात्र दहाव्या वर्षीही जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकायला तयार. एरवी सस्तन प्राण्यांत मोठ्या देहाचे प्राणी जास्त जगतात. कुत्र्यांच्या जातींमध्ये हिशोब उलटा आहे.

‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा पाढा तर सोडूनच द्यावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी १०४ लॅब्रेडॉरच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल तपासले आणि २०२० मध्ये त्यावरून वयाचं एक सूत्र मांडलं. त्याप्रमाणे एक वर्षाचा लॅब्रेडॉर माणसाच्या तिशीत असतो, चार वर्षांचा त्रेपन्नाच्या आसपास, सात वर्षांचा बासष्टचा आणि बारा वर्षांचा सत्तरी नुकती ओलांडलेला. म्हणजे वय सुरुवातीला भरधाव पळतं आणि मग मंदावतं. सूत्र एका जातीवर बेतलेलं आहे, ते डॅशहाउंडला जसंच्या तसं लावू नये. पण एक गोष्ट त्यातून नीट कळते: प्रौढपण आपल्याला वाटतं त्याच्या बरंच आधी येतं, आणि ते पुरेसं लांबही असतं. आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग.

या वयात घरात एक वाक्य शिरतं. सोफ्यावर चढेनासा झाला, वय झालं. हाक मारली तर उठायला वेळ लावतो, वय झालं. रात्री घरभर फिरतो, वय झालं. माझ्या मते म्हाताऱ्या कुत्र्याचं सगळ्यांत जास्त नुकसान हे वाक्य करतं. वय हा आजार नाही. या तिन्ही तक्रारींमागे बहुतेक वेळा नाव असलेलं, तपासता येणारं आणि बरं नाही तरी कमी करता येणारं काहीतरी असतं. त्यात पहिला नंबर दुखण्याचा.

कुत्रा जुनं दुखणं ओरडून सांगत नाही. पंजा दारात सापडला तर किंचाळेल, पण खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा महिनोन्महिने ठणकत असेल तर तो फक्त एकेक गोष्ट करायची सोडून देतो. म्हणून तो काय करतो यापेक्षा त्यानं काय करायचं सोडलं ते पाहावं. गाडीत उडी मारायच्या आधी थबकतो का? बसताना एक मागचा पाय बाजूला फेकून बसतो का? नर असेल तर खांबापाशी पाय वर करायचं सोडून उभ्याउभ्याच लघवी उरकतो का? उठल्यावर पहिली काही पावलं आखडलेली आणि मग मोकळी होतात, हे संधिवाताचं अगदी ठरावीक लक्षण. मागच्या पायांवरचा भार पुढे ढकलत गेल्यानं छाती-खांदे भरलेले आणि मागची बाजू उतरलेली दिसते. वरून पाहिलं की हे चटकन लक्षात येतं. एकाच सांध्याजवळची जागा सतत चाटून तिथले केस तांबूस झालेले असतात. आणि आयुष्यभर पोरांना अंगावर लोळू देणारा कुत्रा नातवानं कमरेला हात लावताच गुरगुरतो, तेव्हा त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो, कंबर बिघडलेली असते.

दवाखान्यात यातलं काहीच दिसत नाही. तिथल्या वासांनी आणि माणसांनी तो इतका सावध होतो की लंगडणारासुद्धा ताठ चालतो, आणि मालक ओशाळतो. यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइल. सकाळी उठताना, जिना चढताना, घरात वळताना असे छोटे व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावेत.

आता फरशीकडे येऊ, कारण मला खरं सांगायचं आहे ते तिच्याबद्दल. आपल्या घरांतली जमीन गेल्या काही दशकांत पार बदलली. सारवलेली जमीन, कोबा, खडबडीत शहाबादी यांवर पंजाला पकड मिळायची. आता वन बीएचके असो की बंगला, सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. कुत्रा चालताना पंजाच्या गाद्यांनी घर्षण मिळवतो आणि घसरायला लागलं की नखं रुतवतो. टाइलमध्ये नखं रुतत नाहीत, उलट ती टेकली की गादी उचलली जाते आणि पाय आणखी घसरतो. तरुण कुत्रा मांडीच्या ताकदीवर सावरून घेतो. म्हाताऱ्याच्या मांडीचा स्नायू झडलेला असतो, त्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकतात. एक-दोनदा असं झालं की तो घाबरतो. मग स्वयंपाकघरापर्यंत यायचं टाळतो, दाराची बेल वाजली तरी जागचा हलत नाही. हालचाल कमी झाली की स्नायू आणखी झडतो, आणि पुढच्या वेळी घसरणं आणखी सोपं होतं. घरातले म्हणतात, सुस्त झालाय.

हे चक्र तोडायला फार पैसे लागत नाहीत. सगळं घर झाकायची गरज नाही, त्याच्या रोजच्या वाटा झाका: अंथरुणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत, आणि संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसतात तिथपर्यंत. जुन्या योगा मॅट उत्तम. खालून रबर असलेले लांब गालिचे चालतात. नुसती सतरंजी मात्र नको, ती स्वतःच घसरते. तिच्याखाली घसरणरोधक जाळी टाकली तर चालेल. वळणाच्या जागी आणि वाडग्यासमोर मॅट हवीच, कारण खाताना मान खाली घालून तो पुढच्या पायांवर झुकतो आणि मागचे पाय हळूहळू सरकत जातात. लादी पुसल्यावर ती पूर्ण वाळेपर्यंत त्याला एका खोलीत ठेवावं. नखांचा टाइलवर टकटक आवाज येत असेल तर ती वाढली आहेत असं समजावं, कमी चालणाऱ्या कुत्र्याची नखं झिजत नाहीत. बोटांमधले केस गाद्यांवर आले असतील तर तेही कापावेत. मी हे सगळं कोणत्याही टॉनिकच्या बाटलीच्या वर ठेवेन.

अंथरूण जाड हवं. थंड टाइलवर लोळायला आवडतं म्हणून उन्हाळ्यात तो तिथे जाईलही, जाऊ द्यावं, पण रात्रीची झोप गादीवर. कारवानी, मुधोळ अशा आपल्या दख्खनी शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ असते, त्यामुळे त्यांच्या कोपरांना लवकर घट्टे पडतात आणि हिवाळाही बोचतो. जाड गोधडीची दुहेरी घडी त्यांना छान मानवते. पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवलं तर मान दुखणाऱ्याला बरं पडतं. खाण्याच्या भांड्याबाबत मात्र जरा थांबा: अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०००च्या एका अभ्यासात, उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या जातींमध्ये पोट फुगून पिळवटण्याचा जीवघेणा प्रकार जास्त आढळला होता. खोल छातीचा मोठा कुत्रा असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि जिना. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी हा रोजचा प्रश्न. पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे, एक मोठा टॉवेल किंवा पंचा घालून दोन्ही टोकं वर धरली की मागच्या भागाचा बराचसा भार आपल्या हातात येतो. चढण्यापेक्षा उतरणं जास्त अवघड असतं हे लक्षात ठेवावं. लिफ्ट असलेल्या इमारतींत वेगळाच त्रास: काही सोसायट्या कुत्र्यांना लिफ्टबंदी करतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी बंदी घालता येत नाही. वाद घालण्याआधी त्या सूचनांची प्रत सोसायटीच्या सचिवांच्या हातात ठेवावी, काम लवकर होतं.

सांध्यांवरचा दुसरा मोठा भार म्हणजे वजन. याबाबत कुत्र्यांवर एक असा अभ्यास झाला आहे की माणसांवर तो करताच येणार नाही. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, आणि हे आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष आले. भरपूर खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. शिवाय सडपातळ गटात संधिवात उशिरा सुरू झाला. जवळजवळ दोन वर्षांचं आयुष्य, तेही फक्त वाडग्यात हात आखडता घेऊन! एवढा फायदा देणारं औषध बाजारात आलं असतं तर रांगा लागल्या असत्या.

आपल्याकडे वजन वाडग्यातून कमी आणि हातातून जास्त वाढतं. सकाळच्या चहाबरोबर आजोबांची दोन ग्लुकोज बिस्किटं, दुपारी आजींची दोन, कुणीच कुणाला सांगत नाही. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साधारण ४५० कॅलरी असतात, आणि दहा किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याची दिवसभराची गरज पाचशेच्या आसपास. चार बिस्किटं म्हणजे सहज त्याच्या जेवणाचा सहावा हिस्सा. आजोबांचा आनंद हिरावून घ्यायची गरज नाही, बिस्किटाऐवजी काकडीचा, गाजराचा किंवा उकडलेल्या दुधी भोपळ्याचा तुकडा दिला तरी शेपूट तितकीच हलते. वजन बरोबर आहे का हे काट्यापेक्षा बोटांनी कळतं: हलक्या हातानं बरगड्या चाचपल्या की त्या मोजता यायला हव्यात, आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी.

याच्या उलट चूकही तितकीच होते. ‘आता पचणार नाही’ म्हणून अंडी, चिकन बंद करून त्याला दूध-पोळी आणि वरणभातावर ठेवतात. म्हाताऱ्या शरीराला स्नायू टिकवायला प्रथिनं कमी नाही, जास्त लागतात. मूत्रपिंडाचा आजार रक्त-लघवीच्या तपासणीत दिसला तर गोष्ट वेगळी, तेव्हा आहार डॉक्टर सांगतील तो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका कोणत्याही वयात वर्ज्य. आणि खाणं मागे टाकत असेल तर आधी तोंड उघडून बघावं. किटण चढलेले हलते दात आणि सुजलेल्या हिरड्या घेऊन चावायचं कसं?

औषधांत एक इशारा ठळक द्यायला हवा. घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी ‘अर्धीच दिली’ म्हणत कुत्र्याला देऊ नये. जठरात व्रण, मूत्रपिंड निकामी होणं, यकृताला इजा, हे सगळं त्या अर्ध्या गोळीतून होऊ शकतं. डायक्लोफेनॅकचा आपल्याकडचा इतिहास तर फार वाईट आहे. जनावरांना दिलेल्या याच औषधानं त्यांचे मृतदेह खाणारी गिधाडं मेली, आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांना सुरक्षित म्हणून ज्या औषधाकडे पाहिलं गेलं ते मेलॉक्सिकॅम. योगायोग असा की कुत्र्यांच्या संधिवातातही ते बऱ्याचदा दिलं जातं, पण वजनावरून मोजून, आधी मूत्रपिंड-यकृताची तपासणी करून आणि स्टेरॉइडबरोबर कधीही नाही. ‘रोजची गोळी नको, सवय लागेल’ असं लोक म्हणतात. सवय लागत नाही, दुखणं थांबतं. आणि दुखणं थांबलं की तो चालतो, चालला की स्नायू टिकतो. पूरक पदार्थांत माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ला बऱ्यापैकी आधार आहे. ग्लुकोसामाइनची जाहिरात मात्र पुराव्यापेक्षा फार पुढे गेली आहे.

चालवायचं किती? थोडं, पण रोज, आणि शक्य तर दिवसातून तीन-चारदा. आठवडाभर घरात आणि रविवारी सिंहगड, हे सगळ्यांत वाईट. दुसऱ्या दिवशी तो आखडला असेल तर काल जास्त झालं, तेवढं कमी करायचं, इतका साधा नियम. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पहाट आणि रात्र सोडून बाहेर नेऊच नये. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतात. पावसाळ्यात ओले पाय पुसून बोटांमधल्या सांदी कोरड्या कराव्यात.

दुखण्याव्यतिरिक्त काही आजार म्हातारपणाचं सोंग घेऊन येतात. अचानक पाणी जास्त पिणं हे त्यातलं पहिलं. किलोमागे दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर जात असेल तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा ग्रंथींचा आजार शोधावा. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत पाणी ढोसू लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ही शस्त्रक्रियेची घाई आहे, थांबायचं नाही. मलूलपणा आणि ताप गोचीड चावल्यानं होणाऱ्या तापातही दिसतो आणि तो आपल्याकडे सर्रास आढळतो. जाडी, सुस्ती आणि विरळ झालेले केस यांमागे थायरॉइड असेल तर गोळीनं काही आठवड्यांत कुत्रा ओळखू येऊ नये इतका बदलतो. डोळ्यांतली निळसर झाक मात्र बहुतेक वेळा मोतीबिंदू नसते. भिंग वयानुसार घट्ट होतं त्याची ती झाक, आणि तिच्यातून त्याला बऱ्यापैकी दिसतं.

एक प्रकार मुद्दाम सांगतो, कारण त्यात कुत्रे उगाच जिवाला मुकतात. म्हातारा कुत्रा सकाळी उठतो तो मान एका बाजूला कलवून, भोवंडून पडत. डोळ्यांची बुबुळं एका लयीत उडत असतात, तो ओकतो. घरचे म्हणतात अर्धांगवायू झाला, संपलं. पुष्कळदा हा आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. त्याचं नेमकं कारण अनेकदा सापडतही नाही, आणि तरी तो दोन-तीन दिवसांत उतरू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतांश बरा होतो. मान थोडी कललेली राहते इतकंच. डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्यावं, मळमळीचं औषध द्यावं, हातानं पाणी पाजावं आणि शेवटचा निर्णय त्या दिवशी घेऊ नये.

त्या निर्णयासाठी एक मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी ती मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५च्या वर असेल तर जगणं अजून बरं चाललंय असं समजायचं. मला ती शेवटच्या क्षणापेक्षा आधीच्या वर्षांसाठी जास्त उपयोगी वाटते. महिन्यातून एकदा घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. कुठला आकडा घसरला ते पाहिलं की नेमकं कशावर काम करायचं ते कळतं, आणि ‘वय झालं’ म्हणायला जागा राहत नाही.

राहिला मेंदू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या २००१च्या पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि पंधरा-सोळा वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत विस्मृतीच्या आजाराचं किमान एक तरी लक्षण दिसलं होतं. दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, कोपऱ्यात अडकणं, दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, घरात शू. या कुत्र्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या रुग्णांसारखीच प्रथिनाची पुटं सापडतात. औषधं आहेत, पण त्यांआधी दुखणं, ऐकू न येणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग वगळायला हवेत, कारण रात्रीची येरझार पुष्कळदा सांध्यांचीच असते. फर्निचर हलवू नये, रात्री एक मंद दिवा ठेवावा, झोपण्याआधी बाहेर एक फेरी मारून आणावी. ऐकू येत नसेल तर हाताच्या खुणा शिकवाव्यात. म्हातारा कुत्रा खाऊच्या मोबदल्यात अजूनही शिकतो, बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगांत नव्या कामांचा सराव आणि योग्य आहार मिळालेल्या म्हाताऱ्यांची बुद्धी जास्त टिकली.

पण सगळ्यांत सोपी कसरत नाकाची, कारण डोळे आणि कान मंदावले तरी ते बराच काळ साथ देतं. जुन्या टॉवेलात त्याचं रोजचंच खाणं गुंडाळून द्यावं आणि शोधू द्यावं. फ्रान्समधल्या आणि न्यूयॉर्कमधल्या दोन संशोधिकांनी २०१९ मध्ये असं दाखवलं की दोन आठवडे वास शोधण्याचा खेळ खेळलेले कुत्रे अनोळखी वाडग्याकडेही जास्त आशेनं जातात. त्याच काळात नुसतं मालकाच्या बाजूनं चालायचा सराव केलेल्यांमध्ये तो फरक दिसला नाही. म्हणून फिरायला नेल्यावर पट्टा ओढू नये. वीस मिनिटांत गेटपासून कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंतच पोचलात तरी ते फिरणं पूर्ण झालं. आठवड्यातून एकदा गल्ली बदलावी, म्हणजे त्याला नवे वास मिळतील.